यंत्रावरची हिरवी पिशवी

शनिवारी जेवण झालं की वेन चिएन-लियांग झोपायचा. या सवयीचा घराला केवढा फायदा होता, हे घराला एका शनिवारी कळलं, कारण त्या शनिवारी तो झोपला नाही.

झालं काय, आदल्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये तिंग नावाच्या इंजिनियरने भात चिवडता चिवडता त्याला विचारलं, "वर्षाअखेरच्या मेजवानीत तुला सोडतीत मेमरी लागली होती ना? सहा हजार वेगाची? मग सेटिंग चालू केलंस का? नाही केलंस तर ती चार हजार आठशेनेच चालते. आपण होऊन काही पळत नाही ती."

चिएन-लियांगने जेवण बाजूला सारलं. आजवरच्या सोडतींत त्याला टॉवेलच लागत आले होते, आणि एकदा भाताचं भांडं (झाकण दुसऱ्या मापाचं). आयुष्यात पहिल्यांदा काही धड लागलं, दुकानदाराकडून ते घरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवून घेतलं, खोक्यावर भल्या मोठ्या आकड्यात सहा हजार लिहिलेलं, आणि ते आपल्याच घरात अंग चोरून काम करतंय? त्याला तो सरळ सरळ अपमान वाटला.

आता एक सांगून टाकायला हवं. कंपनी कॉम्प्युटरची मेमरी बनवायची हे खरं, पण चिएन-लियांग तिथे कँटीनसाठी भाजी खरेदी करायचा. कोबीचा गड्डा नुसता हातात घेऊन तो आतून पोकळ आहे की भरीव हे सांगण्यात अख्ख्या शिन्चू शहरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण नातेवाइकांना कोण समजावणार? कुणाचा फोन अडला, कुणाचा टीव्ही रुसला, की "लियांगला विचारा, तो मेमरीच्या कंपनीत आहे." सासरे तर तायनानच्या आपल्या दोस्ताला, म्हाताऱ्या फानला, छाती फुगवून सांगायचे, "माझा जावई मेमरी बनवतो." चिएन-लियांगने हे कधी खोडून काढलं नव्हतं. (ऐकायला काही वाईट वाटत नव्हतं.)

हे सासरे म्हणजे याओ बाबा, रेल्वेतून रिटायर झालेले. दर शनिवारी ते लेकीकडे येऊन चार वाजता कॉम्प्युटरवर या फानशी वेइ-ची खेळायचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खड्यांचा तो पटावरचा खेळ. त्या दिवशीचा डाव वर्षाचा शेवटचा होता आणि दोघे बरोबरीत होते. हरेल त्याने पुढचं वर्षभर दुसऱ्याला "गुरुजी" म्हणायचं, अशी पैज होती. गेलं वर्षभर बाबा फानला गुरुजी म्हणत होते आणि दर वेळी त्यांचा घसा बसत होता. शिवाय चारच्या ठोक्याला जो पटावर हजर नसेल त्याचा डाव गेला, असा नियम. तो बाबांनीच घातला होता, कारण फानला उशिरा यायची खोड.

तर दुपारी बायको युए-श्या बाजारात गेली आणि चिएन-लियांग बाह्या सरसावून कॉम्प्युटरपुढे बसला. यंत्राच्या डोक्यावर हिरवी पिशवी होती. मक्याचा कुरकुरीत खाऊ, नावाचा अर्थच मुळी "शहाणं बाळ". बँकेत, इस्पितळात, स्टेशनात, जिथे जिथे यंत्र तिथे तिथे ती असते, आणि ती असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिशवी हिरवीच लागते, मुदतीतली लागते, आणि तिच्यातला खाऊ कुणी खायचा नसतो. चिएन-लियांगने ती अदबीने उचलून मांडीवर घेतली.

सेटिंग सापडलं. सहा हजारवर बोट ठेवलं. यंत्राने एक उसासा टाकला, पुन्हा सुरू झालं, आणि पडदा काळा.

अंडं उकडायलाही पुरणार नाही इतका वेळ त्याने धीर धरला. मग बंद केलं, चालू केलं. काळा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. काळाच. यंत्राचं झाकण उघडून पाहिलं तर आत एक पिवळा दिवा त्याच्याकडे टक लावून बघत होता. तिंगला फोन केला तर तो उचलेना. मग निरोप लिहून ठेवला. इंटरनेटवर एका सज्जनाचं म्हणणं होतं, मेमरी काढून खोडरबराने पुसा. त्याने पुसली. दुसरे सज्जन म्हणत होते, ती बटणाएवढी गोल बॅटरी काढून परत बसवा. त्याने तेही केलं. प्रत्येक उपायानंतर तो यंत्र चालू करायचा, काळा पडदा बघायचा आणि घाबरून बंद करायचा. डोकं इतकं चालत होतं की हात काय करतोय इकडे लक्ष नव्हतं. हात पिशवीच्या तळाला लागला तेव्हा लक्ष गेलं.

नेमकी तेव्हाच युए-श्या मासे घेऊन आत आली.

"हे उघडून का ठेवलंय?"

"वेग वाढवतोय."

"पडदा का काळा?"

"वाढतोय ना अजून."

युए-श्याने नाक वर केलं. हिरव्या पिशवीतला खाऊ नारळाच्या दुधाचा असतो. "लियांग, तोंड उघड."

त्याने उघडलं नाही, पण हनुवटीवर चुरा होता.

"पिशवी खाल्लीस? यंत्र आजारी पडलंय आणि तू त्याचा राखणदार खाल्लास?"

"मी विचार करत होतो."

"तेच तर. तू विचार करायला लागलास की काहीतरी जातंच घरातलं." तिने घड्याळ बघितलं. "बाबा येतील इतक्यात. जा, धाव, नवी आण."

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "हिरव्या संपल्या. पलीकडच्या कारखान्यात नवी यंत्रं आलीत, पेट्याच्या पेट्या नेल्या त्यांनी. पिवळी आहे."

"चालेल."

बाईंनी हात मागे घेतला. "कशासाठी हवीय? कॉम्प्युटरसाठी असेल तर मी देणार नाही. पिवळी म्हणजे धोक्याचा दिवा. माझ्या दुकानातून नको ते पाप."

"खायला हवीय," चिएन-लियांग म्हणाला. (हनुवटीवर पुरावा होताच.)

घरी येऊन त्याने स्वयंपाकघराच्या दाराआड पिवळीतला खाऊ हिरवीत ओतला, तोंड दुमडून चिकटपट्टी लावली आणि यंत्रावर ठेवून दिली. त्याच्या मते बेमालूम. तेवढ्यात याओ बाबा आले. त्यांनी काळा पडदा बघितला, उघडं यंत्र बघितलं, जावयाला बघितलं, आणि पिशवी उचलून नाकाशी धरली.

"नारळ नाही. मसाल्याचा वास येतोय." ते चष्म्यावरून बघू लागले. "यंत्राला फसवायला निघालास?"

चिएन-लियांगला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. युए-श्या म्हणाली, "बाबा, फानकाकांना फोन करून तासभर मागून घेऊ या का?"

"त्याच्याकडे? त्यापेक्षा आत्ताच गुरुजी म्हणतो आणि सुटतो."

"मग माझ्या फोनवर खेळा."

"फोनवर मला खडे दिसत नाहीत, माश्या दिसतात."

बाबा खुर्चीत बसले आणि उगाचच चष्मा पुसत राहिले. ओरडले असते तर परवडलं असतं. वर्षभर वाट पाहिलेला माणूस काळ्या पडद्यासमोर मुकाट्याने बसलाय, हे बघून चिएन-लियांगला फार वाईट वाटलं. सहा हजार काय, शंभराच्या वेगानेही यंत्र चाललं असतं तरी तो यंत्राच्या पाया पडला असता.

मग बाबांनी आपल्या कापडी पिशवीत हात घातला आणि एक कोरी हिरवी पिशवी काढली. शेवटच्या डावासाठी म्हणून ते घरूनच घेऊन आले होते. ती त्यांनी यंत्रावर सरळ बसवली, हात जोडून "आमच्या जावयाचं मनावर घेऊ नको" असं यंत्राला सांगितलं आणि बटण दाबलं. पडदा काळा. पिवळा दिवा.

चिएन-लियांगचा हात बटणाकडे गेला. बाबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी हातावर हाणली. "शहाणं बाळ बसलंय तिथे. त्याला त्याचं काम करू दे. युए-श्या, चहा टाक."

चहा झाला. बाबांनी तो सावकाश, भुरके मारत घेतला. चिएन-लियांगचा हात आणखी दोनदा गेला आणि आणखी दोनदा गुंडाळी बसली. चार वाजायला आले. युए-श्याने पेरू चिरून ठेवला, कुणी खाल्ला नाही. आणि मग आतला दिवा हिरवा झाला, पडदा उजळला, चारच्या ठोक्याआधी बाबांनी पट उघडला आणि फानची ओळ झळकली: "काय शिष्या, पळालास का?"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

डाव अंधार पडेपर्यंत चालला. शेवटी तायनानहून फोन आला. पलीकडे बराच वेळ खाकरणं ऐकू आलं आणि मग बारीक आवाजात, "अभिनंदन, गुरुजी." बाबांनी ते तीनदा म्हणायला लावलं. म्हणे, लाइनीत खरखर आहे.

"आज यंत्र काय पळत होतं," फोन ठेवून बाबा म्हणाले. "तुझ्या हाताला गुण आहे, लियांग."

त्याच वेळी चिएन-लियांगच्या फोनवर तिंगचा निरोप आला. तो भाच्याच्या लग्नात होता. 'पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहतो, मेमरी स्वतःला तपासत असते. बंद करू नकोस, नाहीतर पहिल्यापासून सुरू करते. आणि ती बॅटरी तर मुळीच काढू नकोस, सगळं मूळ वेगावर येतं.' चिएन-लियांगने हळूच जाऊन आकडा बघितला. चार हजार आठशे. आकडा त्याने तसाच राहू दिला.

पण गुण आहे हे ऐकून घेणं त्याच्या जिवावर आलं. "बाबा, खरं सांगायचं तर कंपनीत मी मेमरी बनवत नाही."

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या बोलणीला तू चार कोबी घेऊन आला होतास. इंजिनियर कधी कोबी आणतो का?" बाबांनी पेरूची फोड उचलली. "कोबी चांगले होते. म्हणून तर हो म्हटलं."

चिएन-लियांग त्या रात्री फार सुखाने झोपला. रविवारी जेवायला बसला तेव्हा आपल्या खुर्चीच्या पाठीला, दोरीने बांधलेली, एक नवी हिरवी पिशवी त्याला दिसली.

"ही कशाला? यंत्रावर बाबांनी ठेवलीय ना."

"ती यंत्राची," युए-श्या त्याच्या ताटात मासा वाढत म्हणाली. "ही तुझी. खायची नाही. मुदत संपली की बदलेन."

"पिशवीच ना?"

"ते तेव्हा बघू."