टायमिंगची दांडी

वकिलीणबाईंना ऐकू येईनासं झालं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते बोलून दाखवायची छाती मात्र कुणाची नव्हती. दारावरची बेल वाजून वाजून थकायची आणि बाई "हल्ली आपल्याकडे कुणी येतच नाही" म्हणून उदास व्हायच्या.

वकिलांना सगळ्यात जास्त घोर होता तो गाडीचा. गाडी त्यांच्या वडिलांच्या तरुणपणची. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोल पेटवणारी ठिणगी केव्हा पडायची ते गाडीच ठरवते. हिच्यात ते माणसाने ठरवायचं. स्टिअरिंगशेजारी एक पितळी दांडी होती. वेग वाढला की ती पुढे सारायची, म्हणजे ठिणगी लवकर पडते. चढ लागला की मागे घ्यायची, नाहीतर इंजिन आतून ठोकायला लागतं. स्टिअरिंग इतकं जड की वकिलांचे दोन्ही हात त्यातच अडकलेले. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीपासून दांडी बाईंकडे आली. इंजिनचा आवाज जरा बदलला की पहिला ठोका पडायच्या आत बाईंचा हात मागे गेलेला असे. वकिलांनी त्याचं कधी कौतुक केलं नाही. चुकलं की ओरडत तेवढे. गेल्या वर्षभरात मात्र त्यांनी ओरडायचंही सोडलं. इंजिन ठोकत राही आणि बाई प्रसन्न चेहऱ्याने समोर बघत राहत.

"विकून टाका गाडी, भाऊजी," बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला. तो घड्याळजी होता.

"आणि तुझ्या ताईला काय सांगू? तुझे कान गेले म्हणून? खचेल रे ती."

घड्याळजीने बराच वेळ डोकं खाजवलं. "मग दांडी राहू दे तशीच. काम दुसरं कुणीतरी करेल."

दुसरं कुणीतरी म्हणजे दोन इवलीशी वजनं आणि दोन स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जाणार आणि ठिणगी आपोआप लवकर पडणार. घड्याळजीने ती इतकी नाजूक घडवली की बघत राहावं. दुकानातल्या लेथवर फिरवून त्याने खातरी करून घेतली आणि बाई दुपारच्या झोपल्या असताना गुपचूप गाडीत बसवली. दांडीला इंजिनशी जोडणारी सळई सोडवून बॉनेटखाली तारेने बांधून टाकली. दांडी दिसत होती, हलत होती, फक्त तिचं कुणी मनावर घेत नव्हतं. कोर्टात वकिलांचं हल्ली हेच चाललं होतं.

गावातल्या गावात गाडी जरा सुस्त वाटली, पण ठोका पार गेला.

"बघा, ठोकत नाहीये," बाई काही न ऐकताच म्हणाल्या. "हात शाबूत आहे अजून माझा."

वकिलांनी तोंड दुसरीकडे वळवलं. इतकं वाईट त्यांना कुठलाही खटला हरल्यावर वाटलं नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी घड्याळजीसकट तिघं लेकीकडे निघाले. तिचं घर टेकडीवर. चढ लागला तशी गाडी रेंगाळली. वकिलांनी पाय दाबला, ती आणखी मंदावली. आणखी दाबला, तर रुसलीच. मागून सायकलवाला पुढे निघून गेला. बाई दांडी पुढे घेत होत्या, मागे घेत होत्या, त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. मागे गाड्यांची रांग लागली, भोंग्यांनी टेकडी दणाणली, शेवटी बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली.

घड्याळजी उतरून बॉनेटमध्ये शिरला. बाईंनी दांडीवरचा हात काढला.

"माझंच चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही हो. वर्ष झालं. बोलले नाही, कारण मग तुम्ही मला पुढे बसवलं नसतं. आता मी मागेच बसत जाईन."

आणि त्या दार उघडून खाली उतरल्या.

तेवढ्यात घड्याळजीचं डोकं वर आलं. "भाऊजी, घोटाळा झाला! मी हँडल मारून बघितलं. हिचं आतलं सगळं डावीकडे फिरतं! मी वजनं उजवीकडे फिरणारी केली. जोर वाढेल तशी ठिणगी उशिरा पडतेय."

"बघायचं नाहीस आधी?"

"बघायचं काय त्यात? आमच्याकडे सगळं उजवीकडेच फिरतं!"

बाईंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. वकील गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटत होतं. अशिलांना 'कबूल करू नका' सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण बाई खाली मान घालून मागचं दार उघडायला लागल्या, ते त्यांना बघवेना.

"तुझी चूक नाही! दांडी जोडलेलीच नाही!"

"काय म्हणता?"

"दांडी खोटी आहे! मी सोडवली!"

"काय?"

मागच्या ट्रकवाल्याला राहवेना. तो खिडकीतून ओणवा होऊन गरजला, "आजी, दांडी खोटी आहे! त्यांनीच काढली!"

भोंगे थांबले. बाई पुढे आल्या, त्यांनी एका बोटाने दांडी ढकलली. ती अलगद गेली आणि अलगद परत आली.

"कधीपासून?"

वकिलांनी खाली बघत एक बोट वर केलं. "महिना."

"आणि मी रोज हलवतेय."

मग बाईंनी पदर खोचला आणि भावाकडे बघितलं. "तुझं ते काढ. आणि दांडी जोड."

वजनं बाहेर आली, सळई लागली, रेडिएटरला पाणी मिळालं. बाई आपल्या जागेवर बसल्या. गाडी निघाली आणि पहिल्याच वळणाला इंजिन ठोकायला लागलं. असं ठोकत होतं, की जणू आतून कुणी हातोडा घेऊन बाहेर पडायला बघतंय. मागे बसलेल्या घड्याळजीने तोंड उघडलं, पण आरशातले वकिलांचे डोळे बघून मिटलं.

"ठोकत नाही ना हो?" बाईंनी विचारलं.

वकिलांनी मान हलवली. अजिबात नाही.

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी दांडी आणखी थोडी पुढे सारली.