मोडकांची हरकत

चंद्रशेखर मोडकांनी ब्रायरफोर्डच्या टाउन हॉलला साडेतीन पानी निषेध पाठवला, आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं, ‘आपल्या उत्साहाबद्दल आभार. चौदा तारखेच्या सभेत सुरुवातीची प्रार्थना आपण म्हणणार आहात. वेळ तीन मिनिटं.’

मोडकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

निषेध नेमका त्या प्रार्थनेचाच होता. अमेरिकेतल्या कॅरी शहरापासून वीस मिनिटांवरच्या या छोट्या गावात कौन्सिलची सभा सुरू होण्याआधी कुणीतरी उठून देवाचं नाव घेई. मोडक पुलांचे इंजिनिअर, आता निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. देव त्यांनी कॉलेजात असतानाच सोडला होता आणि त्या रिकाम्या जागी पुढे अमेरिकेची राज्यघटना आणून बसवली होती. सिटिझनशिपच्या परीक्षेला ते शंभरच्या शंभर प्रश्न पाठ करून गेले, तर ऑफिसरने सहा उत्तरं बरोबर आल्यावर थांबवलं. “उरलेले विचारा की,” असं त्यांनी सुचवूनही पाहिलं होतं. ती चुटपुट अजून गेली नव्हती. सरकारी सभेत प्रार्थना म्हणजे सरकारला धर्मापासून दूर ठेवणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग, असं त्यांचं ठाम मत. कोर्टाचं मत वेगळं होतं. पण कोर्टाचंही चुकू शकतं, हे समजून घेण्याएवढा मोठेपणा मोडकांकडे होता.

बारा वर्षांच्या नातीने, अनयाने, लॅपटॉप जवळ ओढला. “आजोबा, यू फिल्ड द राँग फॉर्म. धिस इज टु साइन अप फॉर द प्रेयर.”

“अगं, पण सोबत साडेतीन पानं विरोध जोडलाय!”

“नोबडी ओपन्स अटॅचमेंट्स, आजोबा.”

ही चूक दहा मिनिटांत निस्तरली असती. पण मोडक नवराबायकोचा ईमेल एकच होता, आणि पद्मजाकाकूंनी ते उत्तर सकाळीच वाचलं होतं. त्यांनी ते मराठी मंडळाच्या संजयला सांगितलं. संजयने ते ग्रुपवर टाकलं, ‘ब्रायरफोर्डच्या इतिहासातली पहिली हिंदू प्रार्थना! आपले मोडककाका!!’ दुपारपर्यंत खाली एकशे बारा जोडलेले हात जमले होते.

“काका, मानलं तुम्हाला!” संजयचा फोन आला. “काय छुपे रुस्तम निघालात यार! आम्ही साठ जण येतोय. मी ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली.”

“संजय, मी नास्तिक आहे.”

“असू दे हो काका. तीन मिनिटांचाच तर प्रश्न आहे.”

मग मोडकांनी थेट टाउन हॉलला फोन लावला. क्लार्क मिसेस व्हिटली मोठ्या प्रेमळ बाई होत्या.

“मी देव मानत नाही,” मोडक म्हणाले.

“काही हरकत नाही, हनी. आमचा वकील म्हणतो, मानणारा असो की न मानणारा, नाही कुणालाच म्हणायचं नाही. घटनेत तसंच आहे म्हणे.”

घटनेविरुद्ध बोलायची पाळी मोडकांवर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. “मग निदान माझं नाव तरी काढून टाका.”

“काढते की. फक्त मघाशी तुमच्या मिसेसचा फोन आला होता, साठ लोकांना पुरतील एवढे लाडू आणले तर चालतील का म्हणून. त्यांना तुम्हीच सांगाल ना?”

मोडक सांगायला आत गेले. पद्मजाकाकू त्यांच्याच कोटाला इस्त्री करत होत्या.

“मी त्यांना नाही म्हणून कळवतोय,” मोडक म्हणाले.

काकूंनी इस्त्री उभी ठेवली. “कळवा.”

“रागावलीस?”

“अडतीस वर्षं या गावात टिकली लावून वावरतेय. अजून दुकानात कुणीतरी म्हणतंच, मॅम, कपाळाला काहीतरी लागलंय. मी हसून पुढे जाते. वाटलं होतं, एकदा त्या माइकवरून आपलंही काहीतरी ऐकतील लोक. बाकी काही नाही.” आणि त्या पुन्हा इस्त्री करू लागल्या.

मोडक कुठल्याही मुद्द्याचं खंडन करू शकत. पण ‘बाकी काही नाही’ हा मुद्दाच नव्हता. ते परत गेले आणि त्यांनी फोन केला नाही.

चौदा तारखेला टाउन हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एरवी सभेला पाचसहा माणसं येत, तीही कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही म्हणून भांडायला. आज पैठण्या, कुर्ते, लाडवांचे डबे. कचऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या एका आजोबांना वाटलं, आपण चुकून लग्नात शिरलो. ते लाडू घेऊन मागे बसले. नेहमी प्रार्थना म्हणणारे बॅप्टिस्ट चर्चचे उंचेपुरे पाद्रीही कौतुकाने आले होते. मेयरबाईंनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

मोडक माइकपाशी गेले. कोटाच्या डाव्या खिशात त्यांचा साडेतीन पानी विरोध होता. उजव्या खिशात काकूंनी इंग्रजी अर्थासकट लिहून दिलेला श्लोक. त्यांनी एकही खिसा उघडला नाही.

“मी देव मानत नाही,” ते म्हणाले. संजयने कपाळाला हात लावला. “सरकारने मला ‘मान’ म्हणू नये आणि ‘मानू नको’ही म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. माझी बायको शेहेचाळीस वर्षं रोज सकाळी पूजा करते. माझ्यासाठीही काहीतरी मागते. तिने मला कधी ‘या’ म्हटलं नाही, मी तिला कधी ‘थांब’ म्हटलं नाही. आमच्या घरात हे जमलंय. पहिल्या घटनादुरुस्तीत याहून वेगळं काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. थँक यू.”

मोडक जागेकडे वळले. मग मागून पाद्र्यांचा खर्जातला आवाज आला, “आमेन!”

“आमेन!” सगळा हॉल म्हणाला. त्या ओघात मराठी बाजूकडून एक “मोरया!”ही निसटला.

“ही प्रार्थना नव्हती!” मोडक ओरडले. पण तोवर माइक बंद झाला होता आणि लाडू फिरू लागले होते.

घरी जाताना काकूंनी लाडवांचा रिकामा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, “भर सभेत माझी पूजा काढलीत.”

“चुकलं का?”

“चुकलं असं नाही. पण ‘काहीतरी मागते’ म्हणालात. काय मागते, ते कधी विचारलंत?”

“काय मागतेस?”

“तुमची शुगर आटोक्यात राहू दे म्हणून. आणि तुम्ही तिथे तीन लाडू खाल्लेत.”

दुसऱ्या दिवशी मिसेस व्हिटलींचा फोन आला. त्यांना मोडक नको होते. “त्या घरात प्रार्थना करणारी व्यक्ती वेगळीच आहे, असं काल कळलं. पुढच्या महिन्यात त्या येतील का?”

काकू लगेच हो म्हणाल्या.

“तत्त्वतः माझा विरोध आहे,” मोडक म्हणाले.

“असू दे ना. मी कुठे ‘थांब’ म्हणतेय?”

मोडकांनी नवं निषेधपत्र लिहिलं, टाउन हॉलमध्ये जाऊन स्वतःच्या हातांनी दिलं आणि त्याची पोच घेतली. मग घरी येऊन घड्याळ लावून काकूंची तालीम घेऊ लागले. “दुसऱ्या ओळीनंतर जरा थांब. इंग्रजी अर्थ सावकाश सांग. तू गाडी पकडायला निघाल्यासारखी बोलतेस.” महिनाभर रोज संध्याकाळी हे चाललं होतं. काकूंना ते इतकं पाठ झालं, की भाजी चिरतानाही ओठ हलत.

सभेच्या दिवशी मेयरबाई म्हणाल्या, “कृपया मान झुकवून डोळे मिटा.” सगळ्यांनी मिटले. काकू माइकपाशी उभ्या राहिल्या. माइक त्यांच्या कपाळाच्या उंचीचा होता. तो वाकवताना मोठ्याने खरखरला. महिनाभर घोटलेला पहिला शब्दच सापडेना. समोर नुसती लवलेली डोकी.

त्यात एक डोकं ताठ होतं. सरकारी सभेत डोळे मिटायचे नाहीत, हे मोडकांचं तत्त्व होतं. पहिल्या रांगेत ते डोळे उघडे ठेवून बसले होते. काकूंची नजर फिरत फिरत तिथे येऊन थांबली. त्यांनी श्वास घेतला आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीनंतर थांबल्या, अर्थ सावकाश सांगितला, एकही शब्द चुकला नाही.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “सगळ्यांनी डोळे मिटले होते. तुम्हीच तेवढे टकामका बघत होतात.”

“मग तू सारखी माझ्याकडेच का बघत होतीस?”

“बघायला दुसरं होतं कोण!” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सीटबेल्ट लावला.