कोंडीच्या झरीची वर्गणी

"आठ दिवस!" गोकुळदासबाब म्हणाले. "आठ दिवसांत अख्खा कोरगाव पालथा घालतो. द्या ते पावतीपुस्तक इकडे!"

देवळाच्या मंडपात झर सांभाळ मंडळाची सभा भरली होती. कोंडीची झर म्हणजे गावाचा जीव. उन्हाळ्यात पोरंटोरं, पाहुणेरावळे, सगळे तिच्या पाण्याखाली जाऊन बसतात. पण पायऱ्या निखळलेल्या, कठडा मोडलेला, आणि बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. सरकारकडे अर्ज करून करून मंडळाची शाई संपली. शेवटी ठरलं, गावाकडूनच वर्गणी काढायची.

अध्यक्ष दत्तप्रसादचं गावात लोखंडी सामानाचं दुकान. तो म्हणाला, "बाब, दोनशे घरं आहेत. दोन महिने तरी लागतील."

"मुरगाव बंदरात पस्तीस वर्षं जहाजांवरचा माल मोजलाय मी! दोनशे घरांचं काय कौतुक सांगतोस मरे?"

हे झालं तोंडाने. मनातलं गणित वेगळंच होतं. बाबांची बायको, सुमंगलावयनी, जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा देवेश आयर्लंडला, त्याचा फोन रविवारी, तोही जेवता जेवता. बाकी सहा दिवस बाबांशी बोलायला घरात फक्त कुकर, आणि तोही तीन शिट्ट्यांच्या वर बोलत नाही! दोनशे घरं म्हणजे दोनशे ठिकाणी "बसा हो बाब" आणि दोनशे कप चाय. एवढ्यासाठी बाबांनी पावतीपुस्तकच काय, झरीचे दगडसुद्धा डोक्यावरून वाहिले असते.

पहिलं घर कृष्णनाथचं. बाब सकाळी दहाला दारापुढच्या ओटीवर, बाल्कांवात टेकले. चाय झाली. झरीचा विषय चार मिनिटांत संपला. मग बाबांनी एकोणीस दिवस बंदराबाहेर खोळंबलेल्या जहाजाची गोष्ट काढली. गंमत अशी, की ती गोष्ट सांगायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो! अकरा वाजले, बारा वाजले. कृष्णनाथची बायको दोनदा दारात येऊन खाकरून गेली. सव्वा वाजता जहाज धक्क्याला लागलं, तेव्हा आतली कढी थंडगार झाली होती आणि कृष्णनाथने न मागता दोनशे रुपये काढून दिले.

"बघा!" बाब स्वतःशीच म्हणाले. "प्रेमाने बोललं की माणूस देतो."

दुसऱ्या दिवशी ते वळणावर पोचतात न पोचतात तोच पद्मावती फाटकाबाहेर उभी! हातात शंभराची नोट.

"घ्या हो बाब. पावती मागाहून दिली तरी चालेल."

"अगो, मी बसतो ना जरा. झरीची योजना तरी ऐक."

"मला सगळी माहीत आसा! चुलीवर दूध आसा माझं!"

पुढच्या घरी आनंदीवयनी. त्यांच्या फाटकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने पाकीट लावलेलं, वर नाव आणि आकडा. आतून टीव्हीचा आवाज येत होता. बाबांनी हाक मारली आणि टीव्ही बंद झाला! त्याच्या पुढच्या घरी माणूस पेरूच्या झाडावर चढून बसला होता आणि तिथूनच त्याने नोट खाली सोडली. दुपारपर्यंत तीस घरं झाली. चाय मात्र एकाही घरी मिळाली नाही.

बाब घाबरले. या वेगाने तर शनिवारी सगळा गाव संपणार! मग पुढच्या सोमवारी करायचं काय? जायचं कुणाकडे?

रात्रभर डोकं खाजवून त्यांनी तोड काढली. सकाळी प्रत्येक फाटकावर तेच सांगत सुटले, "एकदम द्यायची घाई नाही हो! दर आठवड्याला दहा रुपये द्या. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. वर्षभर!"

झालं! गावाच्या व्हॉट्सॲपवर आग लागली. 'वर्षभर येणार!' 'दर आठवड्याला!' 'कुणीतरी काहीतरी करा रे!' संध्याकाळी दत्तप्रसादच्या दुकानासमोर ही रांग! ज्यांनी दिले होते त्यांनी पुन्हा दिले. कृष्णनाथने तर पाचशे देऊन वर विचारलं, "आता हिशेब कायमचा मिटला ना? लिहून दे पाहू."

सहाव्या दिवशी ठरलेल्या रकमेच्या दीडपट पैसे जमले. मंडळाने बाबांना शाल, श्रीफळ दिलं. दत्तप्रसाद भाषणात म्हणाला, "हळर्ण गावच्या लोकांनी निरोप पाठवलाय. त्यांना तळ्यासाठी वर्गणी काढायचीय. ते म्हणतात, बाबांना पाठवू नका. पत्रकावर नुसतं छापायची परवानगी द्या, की वर्गणीला गोकुळदासबाब येणार आहेत!"

मंडप हसून हसून लोळला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते गोकुळदासबाब. हसता हसता त्यांना सगळं कळलं. चिमट्याचं पाकीट, पेरूवरचा माणूस, दुकानासमोरची रांग. पण हसू काही थांबवता येईना, थांबवलं असतं तर लोकांच्या लक्षात आलं असतं.

घरी जाऊन त्यांनी शाल खुर्चीवर टाकली. खूप वाईट वाटलं. आपण इतके नकोसे झालो? मग एकदम आठवलं. वर्गणी द्यायचं एक घर राहिलंय, आपलंच! आणि आपली पावती आपण कशी फाडणार? त्यांनी लगेच खजिनदार सुविधाला फोन लावला. सुविधा शाळेत शिकवते, पोर गुणाची.

"बाय, माझी वर्गणी राहिलीय. कुणीतरी घरी यायला हवं. नियम म्हणजे नियम!"

"उद्या साडेबाराला येते, काका."

दुसऱ्या दिवशी बाब पहाटेच उठले. पाववाल्या पोदेराकडून आठ उंडे घेतले. अळसांद्यांचं, म्हणजे टपोऱ्या चवळीचं, रस्सेदार तोणाक केलं, चांगलं खोबरं भाजून, वाटून. बाल्कांव झाडला, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. जहाजाची गोष्ट कापून कापून वीस मिनिटांवर आणली. अकरापासून फाटकाकडे डोळे लावून बसले.

साडेबाराला स्कूटर आली. फाटकाशी थांबली, पण बंद काही झाली नाही.

"ये गो, ये! आत ये, बस."

"नको काका, पोराला शाळेतून आणायचंय. किती लिहू?"

बाब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पाचशेची नोट पुढे केली. "शंभर लिही. सुटे नाहीत बघ माझ्याकडे. वरचे चारशे उद्या आणून दे. सावकाश ये. जेवायलाच ये!"

सुविधाने नोटेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. पेन भराभर चाललं. टर्रकन पावती फाटली.

"पाचशेचीच केली, काका! तुमच्यासारखे दाते आहेत म्हणून झर आहे!"

स्कूटर वळलीसुद्धा. बाब पावती हातात धरून फाटकाबाहेर धावले.

"अगो सुविधा! थांब, थांब! माझं नाव चुकवलंयस!"

"फोटो पाठवा काका! तिथल्या तिथे दुरुस्त करते!" वळणापलीकडून आवाज आला.

बाबांनी चष्मा पुसून पावती पुन्हा वाचली. नाव, आडनाव, सगळं अगदी बरोबर होतं.