मनोहरभाऊंचा ऐकणारा ओटा

हिंगणघाटच्या आमच्या ऑफिसात कुणी "दार तीन फुटांचं घ्या" म्हणालं, की मनोहरभाऊ कीबोर्डवरचा हात काढून घेत. "आकडा नको सांगू. नाव सांग."

नाव म्हणजे मापाचं नाव. दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरांचे नकाशे आम्ही नुकतेच कॉम्प्युटरवर काढू लागलो होतो. आम्ही काढलेलं दार काढलं तेवढंच राहायचं. भाऊंचं दार मात्र ऐकायचं. त्यांनी रुंदीला नाव दिलेलं, उंचीला नाव दिलेलं आणि चौकट, फळ्या, कडी सगळं त्या नावांना बांधलेलं. रुंदी बदलली की अख्खं दार नव्यानं उभं. दोन मापांची ओढाताण झाली की कॉम्प्युटर अडून बसे. मग भाऊ पडद्याला समजावत, "भांडू नका बाप्पा. एकानं तरी ऐका."

एकदा त्यांनी चहावाल्यालाही विचारलं, "तुह्या बाकाची उंची कायले बांधली?"

"पायाले बांधली, भाऊ. सुतळीनं."

अल्लीपूरच्या वसंतरावांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या नव्या घराचं काम आमच्याकडे आलं. भाऊंनी स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीला नाव दिलं 'कोपर'. स्वयंपाक करणारीच्या कोपराच्या जरा खाली ओटा, आणि ओट्याच्या मापानं वरची खिडकी.

"कोपर कोणाचं धरू?" भाऊंनी विचारलं.

"कोपर कायले पाह्यजे? सगळ्यांचा असते तसा ओटा करा."

"सगळ्यांची सून तुमच्या घरी नाई येणार."

सुनेचं कोपर मोजायला भाऊ मला घेऊन एसटीनं अल्लीपूरला गेले. ते ओसरीवर बसले, टेप घेऊन मी आत गेले. सुनीता बुटकी, हसरी. ऑफिसात परतून तिचं माप घातल्याबरोबर पडद्यावर ओटा खाली आला, त्याच्यामागून खिडकी आली, आणि घराच्या दर्शनी भिंतीत एक खिडकी बाकीच्यांच्या ओळीतून घसरली.

नकाशा पाहायला वसंतराव बायकोला घेऊन आले आणि तापलेच. "गाव हासन मले. खिडक्या एका ओळीत करा, नाईतर मी वर्ध्याहून नकाशा आणतो."

आमच्या साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. "खिडकी सोडवा ना त्या कोपरापासून."

"सोडवता येते, साहेब. दोन मिनटाचं काम. पण मग तिले बाहेरचं दिसणार नाई. बाहेरून घर पाहणारा चहा पिऊन जाईन. सून भिंतीकडं तोंड करून जन्म काढीन."

 मग वसंतरावांची बायको, इतका वेळ पदर सावरत बसलेली, हळूच म्हणाली, "मी काढला तसा जन्म. राहू द्या खिडकी खाली."

वसंतराव तिच्याकडे पाहतच राहिले. ग्लासातलं पाणी संपवून म्हणाले, "करा मग."

वास्तुशांतीला आम्ही गेलो. पुरुषांची पंगत मांडवात बसली होती, पण सुनीता बाहेर आली. "भाऊ, तुम्ही आत जेवा." तिनं स्वयंपाकघरात दाराशी खुर्ची टाकली. ती पुऱ्या तळत होती, मध्येच खिडकीतून अंगणातल्या पोरांना दटावत होती. भाऊंचं जेवण झालं तरी ते उठले नाहीत. सासू आली, पीठ मळून गेली. भाऊ बसूनच.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "ओटा बरोबर बसला का, भाऊ?"

"ओट्याकडं पाह्यलंच नाई, शोभाताई."

कंडक्टरकडून तिकिटं घेऊन मग म्हणाले, "बायको गेल्यापासून खानावळीत जेवतो. तिथं ताट समोर येते, बस. घरात कोणी रांधून राह्यलं अन् आपण नुसतं बसून आहो, हे मी इसरूनच गेलतो."

 सुनीतानं त्यांना पुऱ्यांचा डबा बांधून दिला होता. सामानाची फळी रिकामी होती, तरी हिंगणघाट येईपर्यंत तो त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवरच धरला होता.