दगडूमास्तरांची तबकडी

उंद्रीच्या दगडूमास्तरांच्या बँडनं वरातीत सिनेमाचं गाणं कधी वाजवलं नाही. नवरदेव घोड्यावरून विनवायचा, वरबाप रुसायचा. मास्तर कॉर्नेट काखेत मारून म्हणायचे, "दुसऱ्याचं उष्टं मी फुकत नाही बे!" चाली सगळ्या त्यांच्या स्वतःच्या. त्या हट्टापायी लग्नं गेली, वाजवणारे गेले. आम्ही सातजण उरलो. मी क्लॅरनेटवाला.

मुंबईच्या एका फोनो कंपनीनं तबकडी भरण्यासाठी बोलावलं, तिथं फजिती झाली. आम्ही जन्मभर चालत वाजवलेलं. सूर लागला की पाय निघायचे. तिसऱ्या खेपेला ढोलवाला वाजवत वाजवत थेट दाराबाहेर गेला.

चौथ्यांदा सगळे जागेवर राहिले, आणि माझ्या क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती चिरली. कंपनीच्या साहेबांनी हात जोडून आम्हाला परत पाठवलं.

पत्तीच खराब निघाली, असं मी सांगत आलो. आता लिहूनच टाकतो. ती मी दातांनी चावली होती. सुरुवातीची तान मास्तरांनी स्वतःकडे ठेवली, म्हणून.

पुढं चार वर्षं मास्तरांनी आम्हाला मारुतीच्या पारावर, घोंगडीवर, अनवाणी, जागच्या जागी चालायला शिकवलं. लोक हसायचे.

"काऊन हो मास्तर, वरात अडकली काय?"

"अडकली नाही बे, मुंबईले जाऊन राह्यली!"

मुंबईच्या दुसऱ्या फेरीला घोंगडी सोबत नेली. साहेब एकदा तिच्याकडे, एकदा आमच्या चौदा पायांकडे बघत राहिले. ऐन वेळी मास्तर माझ्याकडे वळले. "सुरुवात तू कर." पहिल्याच दमात तबकडी झाली!

उंद्रीच्या हॉटेलातल्या फोनोवर ती लागली, तेव्हा रस्ता माणसांनी भरला. रुसलेले वरबापच ओरडत होते, "अजून एक डाव लावा!" मास्तरांचे पाय बाकाखाली जागच्या जागी चालत होते. मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी वाकलो.

"मास्तर, ती पत्ती म्याच चावली होती."

"माहीत हाय." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काडेपेटी काढली. आत तीच पत्ती, दातांच्या खुणांसकट.

"मंग मले काऊन ठेवलं?"

"गावात क्लॅरनेट दुसऱ्या कोणाजवळ हाय बे?"

मग काडेपेटी जपून खिशात घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती तान तुहीच होती. मलेच सोडवली नाही."

हॉटेलवाल्यानं चावी भरली, तबकडी पुन्हा फिरू लागली.

"चूप," मास्तर म्हणाले. "तू वाजवून राह्यला."