पंचापरावांचं उष्टं

आमच्या कुंभकोणात पाणी कुणी भांड्याला तोंड लावून पीत नाही. वरून ओततात. पण पंचापरावांचा तांब्या इतरांपेक्षा हातभर वर असे. कॉफीसुद्धा तशीच, आणि तीही कढत. थेंब ओठाला लागला तर भांडं पुन्हा घासायला जाई. उष्ट्याचा इतका विटाळ मानणाऱ्या या गृहस्थानं साठीला आल्यावर अर्ध्या जगाची थुंकी घरात पितळी पातेल्यात भिजत घातली.

म्हणजे ते पोस्टाची तिकिटं जमवायला लागले. तिकीट लोक जिभेनं ओलं करून चिकटवतात. ते लखोट्यावरून सोडवायचं तर पाण्यात भिजवावं लागतं. लहानपणी त्यांना हाच नाद होता. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी डबा उचलून कावेरीत फेकला आणि पोराला डोक्यावरून न्हाऊ घातलं. पुढे पंचापराव मुनसफ कोर्टात शिरस्तेदार झाले, पेन्शन घेऊन घरी बसले. घरात ते एकटेच.

एक दिवस सुपारीवाल्यानं जुन्या लखोट्यात पुडी बांधून दिली. वर सिलोनचं तिकीट! पंचापरावांनी सुपारी तिथल्या गिऱ्हाइकांत वाटून टाकली आणि कागद उराशी धरून घरी आले. मग काय विचारता. दारासुरमच्या रेशीमवाल्यांना मलायाहून पत्रं येत. पत्र फुटायच्या आत हे दारात हजर. मजकूर त्यांचा, लखोटा यांचा. भिजवलेली तिकिटं ते बाहेरच्या ओट्यावर केळीच्या पानावर पापडासारखी वाळत घालत आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसत.

आमच्या भजनमठाचे मुख्य भागवत, म्हणजे भजन सांगणारे, एकदा ओट्यापुढे थबकले. "पंचापराव, हें कोणाकोणाचें उष्टें हो?"

"हें रंगूनचें. हें पेनांगचें. आणि हें खुद्द कलेक्टरसाहेबाचें."

"अय्यो! विटाळ!"

"शरी, मग काय?" हे त्यांचं पालुपद; शरी म्हणजे तमिळीत 'बरं'. कोर्टात जज्जालाही ते असंच म्हणत, अशी वदंता होती. "तुम्ही राजाचें तोंड पाहून सलाम करतां. तिकीट उलटें करून पाहा. सगळा मुलूख राजाच्या पाठीला थुंकी लावतो. ह्याहून पवित्र वस्तु मजला दाखवा!"

भागवतांनी आधी कानांवर हात ठेवले, मग आसपास पोलीस नाही ना ते पाहिलं.

प्रकरण मठात गेलं. रामनवमीच्या समाराधनेला तूप वाढायचा मान पंचापरावांचा होता. एरवी स्वतःच्या हातचा भात एकट्यानं गिळणाऱ्या माणसाला वर्षातून तेवढा एक दिवस चारचौघांत जेवायला मिळे. महिनाभर आधीपासून ते त्या दिवसाच्या गोष्टी करत. मठानं ठरवलं: तिकिटं कावेरीत सोडावीत, पंचगव्य घ्यावं, नाहीतर तूपही नाही आणि पानही नाही. निरोप घेऊन मला पाठवलं, कारण मी शेजारी, आणि ते काय तेवढं माझंच ऐकून घेत. मला ते काम मुळीच आवडलं नव्हतं.

पंचापराव पातेल्यापुढे बसले होते. "कावेरींत? तें एकदां झालें. तेव्हां मी रडलों. आतां रडणारा नाहीं, जा."

"काका, मग तूप कोण वाढणार?"

"भागवत वाढील. त्याचा हात आखडता. हाल तुमचेच."

"पण तुम्ही त्या दिवशी घरी एकटे..."

"शरी, मग काय?" या वेळी मात्र आवाज जरा खाली आला.

मदत करावी म्हणून शेजारी पडलेला एक कोरडा लखोटा मी पातेल्यात टाकायला उचलला. त्यांनी झडप घालून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दुखलं.

"तें नाहीं!"

मी पाहिलं. परदेशचं वगैरे काही नव्हतं. आपलं नेहमीचंच, अर्ध्या आण्याचं तिकीट, तेही वाकडं चिकटवलेलं.

"यमुनेनं लावलें आहे," ते म्हणाले.

यमुना त्यांची एकुलती मुलगी. तिरुविडैमरुदूरला दिलेली. इतक्या जवळ, पण सासरचे माहेरी पाठवीत नसत, म्हणून पत्रं लिही. पहिल्या बाळंतपणात गेली. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मी किती ओरडलों तिजवर. पाण्यानं लाव गे, जीभ लावूं नको. ऐकायची नाहीं. अशी जीभ बाहेर काढून, मजकडे पाहत, मुद्दाम लावायची." ते हसले, आणि मग हसणं त्यांना जमेना. "पाण्यांत घातलें तर डिंक जाईल. भागवताला सांग, माझ्या लेकीचें एवढेंच उष्टें घरांत उरलें आहे. तें मी कोणत्याही नदींत सोडणार नाहीं. पंगत तुमची तुम्हांस लखलाभ."

मनगट त्यांनी सोडलं, पण माझा पाय तिथून निघेना. मी बसून राहिलो आणि पेनांगची चार तिकिटं सोडवून दिली. त्यांनी ती पानावर नीट मांडली.

मठात भागवत वाटच पाहत होते. "काय म्हणाले?"

"येत नाहींत," मी म्हटलं. "दोन पानें कमी मांडा."

"दोन कशास?"

"एक त्यांचें. एक माझें."