महाराजांची गोळी आणि चाखणाराची लाज

कुळस्वामिनी साक्ष, पाकशाळेची चूल साक्ष. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीस महाराज भोजनोत्तर विडा घेत असतां छातींत कळ उठली आणि घामाघूम होऊन लोडावर कलंडले, तो हृदयाचा झटका जाहला. मग डाक्तर केरोपंत धावत आले आणि तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करून प्राण राखिले आणि बजाविते जाहले, "महाराज, रक्तांत कोलेस्टेरॉल फार माजलें आहे. ही गोळी रोज सायंकाळीं घ्यावी, बरें वाटलें तरी सोडूं नये. रक्तवाहिनींत धरलेला थर हीच आवरते आणि दुसऱ्या झटक्याचें भय कमी करते." आणि राज्याचा शिरस्ता ऐसा कीं, महाराजांच्या मुखीं जाणारा जिन्नस आधीं चाखणारानें खावा. ते चाखणार आम्ही. वीस वर्षें तेंच तूप, तेच लाडू दोघांनीं खाल्ले, सबब केरोपंतांनीं आमचेंही रक्त पाहिलें, तें महाराजांसारखेंच निघालें. मग म्हणाले, "तूंही घे, तुलाही हवीच आहे."

परंतु महिनाभरांत महाराज जिना चढों लागले आणि म्हणों लागले, "आम्ही धडधाकट. गोळीवर जगतों म्हणून लोक हसतील." मग गोळी गालांत धरावी, पिकदाणींत टाकावी आणि आम्हांपुढें लाडवांची वाटी सरकवावी. आणि राणीसाहेबांनीं पडद्याआडून पुसावें, "घेतली का रे?" आणि आम्ही तोंडांतला लाडू गिळून म्हणावें, "घेतली, आईसाहेब." चाखणाराच्या शब्दावर कोणी फिरून पुसत नसे.

वैशाखांत दुसरा झटका आला. मग केरोपंतांनीं पुन्हा दोघांचें रक्त तपासलें, तों आमचें कोलेस्टेरॉल निम्म्यावर आणि महाराजांचें जैसें तैसें. कागद राणीसाहेबांपुढें गेला. त्या इतकेंच बोलल्या, "रोज विचारलें मी तुला." आम्हांस मेल्याहून मेल्यासारखें जाहलें. महाराज वांचले, परंतु हृदय दुबळें पडलें, घोडा सुटला, जिनाही सुटला. आम्हीं चाकरी सोडण्याचा अर्ज केला तो महाराजांनीं फाडिला आणि म्हणाले, "थुंकलों आम्ही. तूं कोठें चाललास?" आतां रोज सायंकाळीं आधीं आम्ही गोळी गिळतों, मग महाराज गिळतात आणि तोंड उघडून, जीभ उचलून आम्हांस दाखवितात, आणि आमच्यानें वर पाहवत नाहीं.

एकूण वृत्त इतकेंच: औषध गुणकारी होतें. धन्यासाठीं आणिलें आणि लागू आम्हांस पडलें. मान खालीं घालून लिहिलें असे.